भाद्रपदातले गोंद

भाद्रपद लागला की माझ्या वर्गात एकच प्रश्न दिवसातून दहादा येतो. "मिस, कुठला गम आणू?" कुणाला मखरावर सोनेरी कागद लावायचा असतो, कुणाला शाळेच्या कोलाज स्पर्धेत भाग घ्यायचा असतो. एका शब्दाचं उत्तर मिळालं की पळायचं, अशा बेतात मुलं उभी असतात. मी खडू खाली ठेवते आणि म्हणते, "कशावर काय चिकटवायचंय ते आधी सांग." मागच्या बाकांवरून उसासा येतो. आता हा तास गेला, हे त्यांना पाठ झालंय.

काय करू, मला खरंच हुरूप येतो. बाहेर ऊन पडलेलं असतं, तरी दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत ओलसरच राहतात. मिठाचा खडा होतो, कपाटाचं दार फुगून अडतं, डब्यातले पापड सादळतात. लोक या हवेला नावं ठेवतात. माझे हात मात्र शिवशिवायला लागतात. अशाच एका भाद्रपदात आमच्या बिबवेवाडीच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, सात तऱ्हांचे गोंद एका ओळीत मांडलेले होते आणि त्यांच्यासमोर माझे बाबा चष्मा कपाळावर चढवून उकिडवे बसले होते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. चित्रकला शिक्षिकेचा डिप्लोमा करून एका शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर लागले होते. पुण्यात चौकाचौकात संगणकाच्या क्लासचे फलक झळकत होते. शाळेत ज्यांना धड वर्तुळ काढता येत नव्हतं अशा माझ्या मैत्रिणी सहा महिन्यांचा कोर्स करून कंपन्यांत लागत होत्या आणि त्यांच्या घरी अमेरिकेच्या व्हिसाची भाषा सुरू झाली होती. मेधा त्यांतलीच एक. तिच्या कंपनीची नवी काचेची इमारत नगर रस्त्यावर, वाघोलीच्या अलीकडे उभी राहत होती. आषाढ संपता संपता ती आमच्याकडे आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "वैशाली, आमच्या रिसेप्शनची भिंत रिकामी आहे. आठ फूट बाय चार फूट. साहेबांना बाजारातलं छापील चित्र नकोय, इथल्याच कुणाच्या तरी हातचं काम हवंय. मी तुझं नाव सांगून आले."

"अगं, मी एवढं मोठं कधीच काही केलेलं नाही."

"ते मी त्यांना सांगितलेलं नाही," मेधा म्हणाली. "दसऱ्याला उद्घाटन आहे."

आतल्या खोलीत बाबा खुर्चीवर बसून हे ऐकत असणार. पण ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. सत्तावीस वर्षं ते चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला माल मोजायचा, ताणून बघायचा, चुकला असेल तर बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. मग बाजार खुला झाला, परदेशी यंत्रं आली आणि पन्नाशी उलटलेल्यांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले गेले. बाबांनी सही केली. त्याला आठ महिने झाले होते. ते चिडले नाहीत, रडले नाहीत, फक्त बोलायचे थांबले. सकाळी पेपर वाचायचे आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचायचे. आई एका शाळेच्या कचेरीत कारकून होती. निघताना ती त्यांना चार कामं सांगून जायची आणि संध्याकाळी चारही झालेली असायची. तिला तेच सोसत नसे. "अहो, एकदा तरी नाही म्हणा हो," ती एकदा म्हणाली.

मी कामाला लागले. पर्वतीवरून दिसणारं पुणं, पूर्णपणे कागदाच्या तुकड्यांचं, रंगाचा एक थेंब न वापरता, असं ठरवलं होतं. नदीसाठी जुन्या कॅलेंडरांचे गुळगुळीत निळे कागद. पेठांच्या छपरांसाठी लग्नपत्रिकांची जाड लाल-पिवळी पुठ्ठ्यासारखी पानं. झाडांसाठी पतंगाचा कागद. टेकड्यांसाठी बसची तिकिटं आणि वर्तमानपत्र. आणि नव्या इमारतींसाठी मेधाने आणून दिलेला संगणकाच्या प्रिंटरचा कागद, फिक्या हिरव्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. प्लायवूडचे चार तक्ते करून आणले. सुतारांच्या पांढऱ्या गोंदाचा मोठा डबा आणला. पहिला तक्ता मी तीन दिवसांत भरून टाकला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे बघवेना. वर्तमानपत्राला सुरकुत्या पडल्या होत्या. पतंगाच्या कागदाचा हिरवा रंग फुटून नदीत उतरला होता. कॅलेंडरच्या कागदाखाली फुगे आले होते, आणि अख्खी फळी धनुष्यासारखी वाकली होती. मी जमिनीवर बसून रडायच्या बेतात असताना मागून बाबांचा हात आला. त्यांनी एका फुग्यावर अंगठा फिरवला, मग लग्नपत्रिकेचा तुकडा नखाने उचलून पाहिला. तो अजिबात सुटला नाही.

"हे सगळं एकाच गोंदाने का चिकटवलंस?" त्यांनी विचारलं.

"कारण तो सगळ्यात पक्का असतो."

"हो, पण कागद एक आहे का?"

आठ महिन्यांत त्यांनी मला विचारलेले हे पहिलेच प्रश्न होते. मी काही बोलायच्या आत ते उठून शर्ट घालायला गेले.

आम्ही स्कूटरवरून अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराला बाबांनी विचारलं, "कागदासाठी चांगला गोंद कुठला?"

"वाईट आम्ही ठेवतच नाही," दुकानदार वर न बघता म्हणाला.

"मग सगळे द्या," बाबा म्हणाले.

दुकानदाराने वर बघितलं. मला हसू दाबता येईना. तिथून गोंदाची कांडी घेतली, तेव्हा ती नवी निघाली होती आणि ओठांना लावायच्या वस्तूसारखी फिरवून वर यायची. बोहरी आळीतून सरस घेतला, तपकिरी, काचेच्या तुकड्यांसारखा. पंक्चरवाल्याकडून रबराच्या सोल्युशनची ट्यूब घेतली. आणि डिंक चांगला हवा म्हणून बाबा थेट मार्केट यार्डात भुसार बाजारात शिरले. व्यापाऱ्याने मूठभर खडे समोर ओतून विचारलं, "घरी बाळंतीण आहे का? लाडवांना हा घ्या."

"लाडू नाही करायचे. चिकटवायचंय."

"मग पाक चुकलेले लाडू वापरा, जन्मात सुटायचे नाहीत."

बाबा मोठ्याने हसले. पोत्यांच्या त्या गल्लीत, हमालांच्या गडबडीत, मी थबकून त्यांच्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर खळ शिजवली. मैदा गार पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता, मंद आचेवर ढवळत राहायचं. ती पांढरी असते तोवर कच्ची, काचेसारखी झाक आली की झाली. त्यात तुरटी घातली, आणि झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून बाइंडर लोक घालतात तसं चिमूटभर मोरचूद. सातवा गोंद बाबांनी कुठेतरी वाचलेला होता. कात्रजच्या डेअरीतून आलेल्या दुधाची एक पिशवी लिंबू पिळून नासवली, चोथा धुऊन घेतला आणि त्यात खायचा चुना घोटला. पाच मिनिटांत त्याचं खरोखरच चिकट, गुळगुळीत मलम झालं. बाबा ते बोटांत ताणून बघत होते आणि आई दारात उभी होती.

"उद्या चहाला काय घालू?" तिने विचारलं. "सरस?"

मग परीक्षा सुरू झाली. दुसरा शब्द नाही. प्रत्येक कागदाच्या एक इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टी प्रत्येक गोंदाने प्लायच्या तुकड्यावर चिकटवली आणि पाठीमागे पेन्सिलने क्रमांक घातले. एक संच न्हाणीघरात टांगला, एक गच्चीवर उन्हात, एक कपाटाच्या आत अंधारात. पट्टीच्या सुट्या टोकाला आकडा अडकवून त्याला चहाचा रिकामा डबा लावायचा आणि डब्यात चमच्याचमच्याने वाळू ओतत जायची. पट्टी सुटली की डबा धाडकन खाली. बाबा वाळू तोलायचे आणि वहीत लिहायचे. खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या दिवशी काय पडलं म्हणून धावत वर आल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने वाळू ओतून बघितली.

"अहो, न्हाणीघरात कागद लोंबताहेत. आंघोळ कशी करायची?" आई ओरडली.

"दोन आठवडे जरा सांभाळून."

"सांभाळून आंघोळ कशी करतात ते एकदा करून दाखवा."

पण एका सकाळी मी पाहिलं, तीच ओल्या केसांनी उभी राहून पट्ट्या निरखत होती. "अहो, चार नंबर सुटला," तिने आतून हाक दिली, आणि बाबा पेन्सिल घेऊन धावले.

ते दिवस आठवले की अजून माझ्या छातीत काहीतरी उड्या मारतं. शाळेतून मी जवळजवळ पळत घरी यायची. आज काय सुटलं, काय टिकलं! रबराच्या सोल्युशनने वर्तमानपत्राला एकही सुरकुती पडली नाही, आम्ही दोघांनी नाचायचंच बाकी ठेवलं होतं. दहाव्या दिवशी त्याच पट्टीवर तेलकट पिवळा डाग उमटला आणि बाबांनी वहीत जाड अक्षरांत 'नापास' लिहिलं. सरस पक्का निघाला, पण त्याच्या वासाने शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. गोंदाची कांडी पतंगाच्या कागदासाठी अशी काही फिट्ट बसली की रंग कणभरही फुटला नाही. खळ वर्तमानपत्रासाठी आणि तिकिटांसाठी. मात्र घट्ट ठेवायची, आधी कागदाला लावून मिनिटभर थांबायचं, कागद भिजून पसरला की मग बसवायचा, म्हणजे वाळताना तो स्वतःच ताणला जातो. गुळगुळीत कॅलेंडरला पांढरा गोंद, पण पातळ, आणि मधून कडेकडे चिंधीने दाबत हवा काढत जायची. लग्नपत्रिकांना डिंक, कारण न्हाणीघरात पांढरा गोंद मऊ पडला, पण मार्केट यार्डातल्या त्या डिंकाने ओलीतसुद्धा त्या जाड पानांना सोडलं नाही. दुधाचा गोंद सगळ्यांत पक्का भरला, फक्त एका आठवड्यात बुरसला. बाबांना त्याचं फार वाईट वाटलं.

"आणि फळीच्या मागेही कागद लाव," ते म्हणाले. "एकाच बाजूने ओढ बसली तर वाकणारच. पाठीलाही तेवढीच ओढ हवी."

आता माझे विद्यार्थी फोनवर व्हिडिओ बघून येतात. त्यात एक हसरी बाई एका बाटलीने सगळं चिकटवते. मी त्यांना नावं ठेवत नाही. फक्त म्हणते, चार पट्ट्या कापा आणि रात्रभर न्हाणीघरात टांगून या. बहुतेक जण विसरतात. दरवर्षी एखादी मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात शिरता शिरताच ओरडते, "मिस, सुटला!" आणि मला तिला कडेवर घ्यावंसं वाटतं.

पितृपक्षात चारही तक्ते पूर्ण झाले. घटस्थापनेनंतर टेम्पोतून नगर रस्त्यावर नेले, भिंतीवर चढवले. पर्वतीवरून दिसणारं पुणं आठ फूट पसरलं होतं, सपाट, एकही फुगा नाही. मी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. हे मी केलंय, हे मला खरं वाटेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आठला मेधाचा फोन आला. "वैशाली, छपरं उचकटताहेत."

"म्हणजे?"

"लाल छपरं. कोपऱ्यातून वर येताहेत, एक तर खालीच पडलंय. उद्या साडेदहाला साहेब फीत कापणार आहेत."

शाळेतली नेमणूक दिवाळीला संपणार होती, आणि या भिंतीखेरीज माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. पण त्याहून मोठी भीती बाबांची वाटली. आता हे ऐकून ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, या भीतीने मी फोन ठेवून तशीच उभी राहिले. शेवटी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवत काहीतरी हिशेब केला आणि मांडीवर थाप मारली.

"एसी! अगं, आपण ओल तपासली, ऊन तपासलं. एसी धरलाच नाही! कोरड्या गार हवेत डिंक ठिसूळ होत असणार, तडकत असणार. चल, चल लवकर." चप्पल घालता घालता ते म्हणाले, "फक्त डिंकाचेच तुकडे सुटले असतील, बघ तू."

खरोखरच तसंच होतं. तिथे पोचल्यावर त्यांनी आधी काहीही दुरुस्त करू दिलं नाही. वही उघडून प्रत्येक सुटलेला तुकडा टिपून घेतला. एकूण एक लग्नपत्रिकेचा. बाकी पुणं जागच्या जागी होतं. सुटलेल्या कोपऱ्यांखाली डिंकाचा काचेसारखा चुरा दिसत होता. तो चुरा तळहातावर घेऊन बाबा इतके खूश झाले की रिसेप्शनवरची मुलगी त्यांच्याकडे टकामका बघत राहिली.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण इंजिनीअर आला. नागपूरकडचा होता. "काका, काय करून राहिले तुम्ही?" त्याने विचारलं.

"तपासणी. हा डिंक नापास झाला."

त्याने वही हातात घेतली. पान उलटलं, दुसरं उलटलं. क्रमांक, कागद, गोंद, जागा, दिवस, वजन, शेरा. "अरे इकडे या रे," त्याने आत हाक मारली. "या काकांनी टेस्ट केसेस लिहून ठेवल्या आहेत. गोंदाच्या!"

दहा-बारा मुलं-मुली जमली. "आम्हीपण हेच करतो काका," एक मुलगी म्हणाली. "सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"पण तुमचा माल तर डोळ्यांना दिसत नाही," बाबा म्हणाले. "मग तुम्ही ताणून काय बघता?"

सगळे हसले, आणि मग ती मुलगी त्यांना खरंच समजावून सांगू लागली. बाबा मान हलवत ऐकत होते, मध्येच विचारत होते, "आणि समजा गिऱ्हाइकाने चुकीचंच बटण दाबलं तर?" तो नागपूरचा मुलगा म्हणाला, "काका, आमच्या टीमच्या लीडला हे सुचायला महिना लागला."

आम्ही तक्ते खाली उतरवून मीटिंगच्या लांब टेबलावर आडवे केले. डिंकाचा चुरा ब्रशने झाडला. पांढरा गोंद पातळ करून बारीक ब्रशने प्रत्येक छपराखाली सारला, वर मेणकागद ठेवला. दाबायला वजन हवं होतं. मुलांनी संगणकाची विटांएवढी जाडजूड माहितीपुस्तकं आणली आणि पेठापेठांवर रचली. बाबांनी एसी तसाच चालू ठेवायला लावला. "आता तिथेच वाळू दे. जिथे राहायचंय तिथली हवा त्याला कळू दे." दुपारी चारला पुस्तकं उचलली. बाबांनी एकेका छपराखाली नख घालून पाहिलं, सगळ्या छपरांखाली. टेबलाभोवती उभं राहून ती सगळी मुलं वाकून बघत होती. शेवटचं छप्पर झालं. बाबांनी वहीत तारीख घालून लिहिलं, 'पास', आणि टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, साहेबांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्या भिंतीमुळे मला पुढे दोन कामं मिळाली आणि दिवाळीनंतर शाळेने मला कायम केलं. बाबांना त्या नागपूरच्या मुलाने त्याच्या ओळखीतल्या, खोकी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नेलं. तिथे त्यांनी पुढची अकरा वर्षं तपासणी सांभाळली. पण हे सगळं नंतरचं. मला अधिक लख्ख आठवते ती उद्घाटनाहून परततानाची दुपार.

स्कूटर मी चालवत होते. बंडगार्डनच्या पुलाजवळ बाबा मागून म्हणाले, "जरा थांब." आम्ही कठड्याजवळ उभे राहिलो. नदीला पाणी भरपूर होतं, ऊन सौम्य होतं, हातातल्या आपट्याच्या पानांशी ते चाळा करत होते.

"शेवटच्या दिवशी दुपारी एकलाच सगळं आटपलं," ते म्हणाले. मला क्षणभर कळलं नाही, मग कळलं की ते कारखान्याबद्दल बोलताहेत. "शाल, नारळ, भाषण. साहेब म्हणाले, आता घरी जाऊन आराम करा. मी फाटकाबाहेर आलो आणि मला कळेचना काय करायचं. आपली बस साडेचारची. एकला कुठली बस असते, हे मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं."

"मग?"

"मग समोरच्या थांब्यावर बसलो. नारळ मांडीवर घेऊन. साडेतीन तास."

"बाबा, रिक्षा करून यायचं ना."

"पाळी सुटली नव्हती ना गं अजून," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच या बोलण्याचं त्यांना एकदम हसू फुटलं. "साडेचारला भोंगा झाला. सगळे बाहेर आले. मी त्यांच्यात मिसळून रोजच्या बसमध्ये, रोजच्या जागेवर जाऊन बसलो. ड्रायव्हर म्हणतो, काय हो साठे, आज कुणाचा नारळ?"

ते हसत होते, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांचा दंड घट्ट धरला आणि मलाही हसू आवरेना, रडूही आवरेना. पुलावरून जाणाऱ्या दोन बायका वळून बघत गेल्या.

मग त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, नाक पुसलं.

"तुझ्या आईला वाटतं, त्या दिवशी आमची पार्टी होती. मीच तसं सांगितलं होतं." त्यांनी हात पुढे केला. "आण ती किल्ली. घरी जाऊन तिला खरं काय ते सांगतो."

स्कूटर त्यांनी चालवली. बिबवेवाडी येईपर्यंत एकाही सिग्नलला त्यांचं बोलणं थांबलं नाही.